दिनकररावाचं चोख रक्त

दिनकरराव देशमुखाच्या ओट्यावर एक लोखंडी खुर्ची होती. गावात कुणी पँटवाला माणूस आला, की तो आधी त्या खुर्चीत जाऊन बसे. ग्रामसेवक बसे, पतपेढीचा माणूस बसे, गुरांचा डॉक्टर बसे. खुर्चीत बसलं की चहा येई, चहाच्या मागून पोहे येत, आणि पोहे खाल्लेल्या माणसाला मग सगळं गाव दिनकररावाच्या डोळ्यांनी दिसायला लागे. चांगुणाबाईनं जन्मभर हेच पाहिलं होतं. म्हणून पुण्याहून रक्त तपासणारा डॉक्टर आलाय असं सून सांगत आली, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "खुर्चीत बसला का?"

पंचफुला दिनकररावाच्या गोठ्यात शेणाघाणीला जात होती. तिथून तिला ओटा सगळा दिसे.

"बसला न, आत्याबाई. पोहे बी खाल्ले."

"मग झालं," असं म्हणून चांगुणाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

म्हणाली खरी, पण डॉक्टरवर पाणी सोडणं तिला परवडण्यासारखं नव्हतं. पंचफुलाचा नवरा रंगनाथ हा चांगुणाबाईचा थोरला मुलगा. मागच्या भादव्यात दिनकररावाच्या पराटीवर, म्हणजे कपाशीवर, औषध मारता मारता तो बांधावर पडला. तोंडाला फेस आला, अंग घामानं भिजलं, आणि बैलगाडी मानवतच्या दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. किडीला मारायच्या विषाला आपल्याकडं औषध म्हणतात. म्हणायला काय जातं. दिनकररावानं मात्र त्याही पुढची पायरी गाठली. प्रेत थंड व्हायच्या आधीच तो बोलून मोकळा झाला की गडी पिऊन आला होता. पोलीस पाटलाला तेच सांगितलं, दवाखान्यात तेच सांगितलं, मानवतच्या आडतीवर तेच सांगितलं. रंगनाथनं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण वस्तीतला माणूस मेला आणि दारूनं मेला, हे ऐकणाऱ्याला पटायला अगदी सोपं जातं. त्याला विचार करावा लागत नाही.

या माणसाची ही जुनी रीत होती. विद्यापीठाच्या नावावरून अठ्ठ्याहत्तर साली बौद्धवाड्यातली खोपटं पेटली, तेव्हाही हा याच ओट्यावर बसून म्हणाला होता, की यांच्याच चुलीची ठिणगी उडाली असंल. त्या दिवशी वस्तीत एकही चूल पेटलेली नव्हती. सगळे जीव घेऊन ज्वारीत लपले होते.

रंगनाथ दारूनं मेला म्हणजे औषध निर्दोष ठरलं. औषध निर्दोष म्हणजे फवारणी चालू राहिली. आणि रंगनाथच्या पाठीवरचा पंप त्याच्या धाकट्या भावाच्या, पंडितच्या पाठीवर आला. पंडित दिनकररावाकडं सालानं होता. पाडव्यापर्यंत सुटका नव्हती. आखाडात पहिला फवारा झाला त्या दिवशी तो घरी आला तो भिंतीला धरून बसला. भाकर समोर ठेवली तर ओकारी आली. चांगुणाबाईनं चिमणी जवळ नेऊन त्याचे डोळे पाहिले. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. रंगनाथच्या अशाच झाल्या होत्या, आणि तेव्हा तिला त्याचा अर्थ कळला नव्हता. आता कळत होता.

म्हणून डॉक्टर पोहे खाऊन बौद्धवाड्यात आला तेव्हा ती सगळ्यांच्या पुढं जाऊन बसली.

डॉक्टर पोरगेलासाच होता. बोलायला गोड, हात नाजूक, आणि दर दोन वाक्यांनंतर हसायची सवय. त्याच्यासोबत मानवतचा कंपाउंडर भगवानराव होता. मिशीला तेल लावणारा, तालुक्यातल्या प्रत्येक हाटेलात उधारी असलेला, आणि पोटात एकही गोष्ट न टिकणारा माणूस. डॉक्टर समाजमंदिरात काय सांगत होता ते निम्म्या लोकांना कळत नव्हतं, ते भगवानराव फोडून सांगत होता. कपाशीवर औषध मारणाऱ्या माणसाच्या रक्तात ते औषध उतरतं का, किती उतरतं, हे बघायचं होतं. रक्त मुंबईला जाणार. तिथं एक मशीन आहे. आडतीवर कापसाचा काटा असतो तसाच, पण ही मशीन रक्तातल्या एकेका कणाचं वजन करते आणि वजनावरून तो कशाचा कण ते ओळखते.

चांगुणाबाईनं विचारलं, "दारूचा कण अन् औषधाचा कण येगळा वळखती का?"

डॉक्टर हसला. म्हणाला, आजी, ही मशीन इतकी तिखट आहे, की प्लास्टिकच्या पिचकारीनं रक्त काढलं तर ते प्लास्टिकसुद्धा तिला कळतं. म्हणून आम्ही पिचकाऱ्याही काचेच्या आणल्या आणि नळ्याही काचेच्या.

"मग माझ्या पंडितचं घ्या," चांगुणाबाई म्हणाली. "त्यानं कवा थेंब घेतला न्हाई. त्याच्यात औषध निघालं तर रंगनाथ कशानं गेला ते कळंल. अन् मग ह्याच्या पाठीवरला पंप उतरंल."

डॉक्टरनं मान हलवली. ते सगळं निष्कर्षावर अवलंबून आहे, असं काहीतरी बोलला.

काम त्यानं नीट केलं, हे कबूल केलं पाहिजे. दंडाला रबर बांधायचं, शीर फुगली की तिरपी सुई घालायची, पिचकारी हळू ओढायची. नळीच्या बुडाशी रक्त न गोठण्याचं थेंबभर औषध आधीच घातलेलं असे. रक्त त्यात सोडायचं, हलवायचं, आणि मानवतच्या कारखान्यातून आणलेल्या बर्फाच्या पेटीत उभं करायचं. औषध मारणारे सगळे गडी एकामागून एक बसले. पंडित बसला तेव्हा त्याचा हात थरथरत होता. भगवानराव म्हणाला, सुईला घाबरला का रे. पंडित म्हणाला, सुईला न्हाई, हे कायमचंच हाय.

पेटी बंद केल्यावर डॉक्टरनं सांगितलं, की अजून निम्मं काम राहिलं. ज्यांच्या अंगाला औषध लागलेलं नाही अशा माणसांचं रक्त याच गावातून घ्यायचं. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय या रक्ताला किंमत नाही.

"कुणाचं घेणार?" चांगुणाबाईनं विचारलं.

"देशमुखांच्या घरचं घेतो. त्यांनी कबूल केलंय. चांगलं घर आहे."

चांगुणाबाईला हसू आलं. औषध दिनकररावाचं, पराटी दिनकररावाची, पंप दिनकररावाचा, आणि बिनविषारी रक्तही दिनकररावाचंच. सगळंच त्याच्या घरी चांगलं होतं.

दिनकरराव तर फुगून गेला होता. आपल्या घरचं रक्त प्रमाण म्हणून मुंबईला चाललंय, त्याच्यावरून सगळ्या गावाचं रक्त पारखणार, हे त्यानं दोन दिवसांत पाथरीपर्यंत पोचवलं. मानवतच्या आडतीवर तर म्हणाला म्हणे, की चोख मालाचा नमुना कुठून न्यायचा हे सरकारलाही कळतं.

एकच अडचण निघाली. दिनकररावाची आई नर्मदाबाई हिनं डॉक्टरला विचारलं, की वस्तीत वापरल्या त्याच सुया का? डॉक्टर म्हणाला, सगळ्या पाण्यात उकळतो, एकही जंतू राहत नाही.

"जंतू मरतेत," नर्मदाबाई म्हणाली, "पर इटाळ कुठं मरतोय?"

डॉक्टर यावरही हसला. पंचफुलानं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा सासू-सुना पोट धरून हसल्या. त्याच वेळी त्यांना शहाणपण सुचायला हवं होतं. पण नर्मदाबाईचा विटाळ हा त्यांच्या रोजच्या जेवणातल्या मिठासारखा झाला होता. त्याचं वेगळं काही वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुलानं नेहमीप्रमाणे गाईखाली लोटा धरला. नर्मदाबाईला देवघरात, उंबऱ्यावर, पोरासोरांच्या अंगावर शिंपडायला रोज गोमूत्र लागे, आणि ते धरायचं काम पंचफुलाचं होतं. वाकून, गाईच्या लाथा चुकवत ती लोटा भरायची आणि मग तो उंचावरून नर्मदाबाईच्या तांब्याच्या तांब्यात ओतायची. लोट्याला तांब्या लागू द्यायचा नाही. म्हणजे वस्तीतल्या बाईनं धरलेलं गोमूत्र हवेतून खाली पडता पडता पवित्र होत होतं. देवाची करणी म्हणायची, दुसरं काय.

त्या दिवशी म्हातारीनं तांब्या काठोकाठ भरून घेतला. डॉक्टर आत पोहे खात होता. उकळलेल्या सुया, पिचकाऱ्या आणि नळ्या ओट्यावर ताटात ठेवून वर पांढरं फडकं घातलं होतं. भगवानराव विडी ओढायला गल्लीत गेला होता. म्हातारी तांब्या घेऊन ओट्याकडं गेली, एवढं पंचफुलानं पाहिलं. ओट्यावर शिंपडत असंल, असं म्हणून ती पुन्हा शेण ओढायला लागली.

रक्त काढून झालं. दिनकररावानं दिलं, त्याच्या भावानं दिलं, दोन पुतण्यांनी दिलं. दिनकररावानं तर दंडावरचा कापूस दुपारपर्यंत काढला नाही. लोकांना दिसावा म्हणून. पेट्या जीपमध्ये घालून मानवत रोड स्टेशनला गेल्या आणि तिथून मुंबईला.

तिसऱ्या दिवशी दिनकररावाचा हात सुजला. भावाचा सुजला, पुतण्यांचेही सुजले. पण दिनकररावाचा सगळ्यांत जास्त. दंड दुधी भोपळ्यासारखा झाला. थंडी वाजून ताप भरला. जीपमध्ये आडवा घालून परभणीला नेला, तिथं चिरून पू काढला. हात गळ्यात अडकवून परत आला तो ओट्यावर बसला आणि आल्यागेल्याला सांगायला लागला, की वस्तीची घाण सुईतून माझ्या अंगात घातली. यांच्या रक्तानं माझं रक्त नासलं.

मग बैठक झाली. वस्तीतल्या कुणालाही कामाला बोलवायचं नाही, कुणी त्यांच्याशी व्यवहार करायचा नाही, असं ठरलं. दोनच गोष्टी वगळल्या. फवारणी आणि गोठा. विटाळ मोठा होता, पण पराटीवर कीडही मोठी होती आणि शेणही रोज पडत होतं. तेव्हा पंप पाठीवर घ्यायला आणि शेण काढायला विटाळ चालेल, असं त्या शहाण्यांच्या डोक्यातून निघालं.

पंडित जातच राहिला. त्याला तोंडात सारखी लाळ यायला लागली. रस्त्यानं चालताना तो मधेच थांबे आणि बाभळीला धरून उभा राही. चांगुणाबाईनं त्याला सांगून पाहिलं, की जाऊ नको. तो म्हणाला, साल मोडलं तर ते घरात घुसतील, अन् आता तर निमित्तच शोधायलेत. ते खरं होतं.  ती मुंबईच्या मशीनची वाट बघत बसली. ज्या वयात बाया देवाची वाट बघतात त्या वयात ती मशीनची वाट बघत होती. देवाचं ती छप्पन्न सालीच सोडून बसली होती.

पोळा झाल्यावर डॉक्टर आला. या खेपेला खुर्चीत बसला नाही. जीप गावाबाहेर उभी करून बांधाबांधानं चोरासारखा बौद्धवाड्यात आला. मागं भगवानराव होता. चांगुणाबाईच्या दारात टेकून डॉक्टर म्हणाला, की फार वाईट झालं, हे गाव तपासणीतून वगळावं लागणार.

त्यानं जे सांगितलं ते असं. औषध मारणाऱ्या गड्यांच्या नळ्या ठीक होत्या. पण देशमुखांच्या घरच्या नळ्यांत मशीनला भलतंच सापडलं. मुंबईच्या माणसांनी फोन करून विचारलं, की या नळ्या माणसाच्याच आहेत ना, का जनावरांच्या नळ्या मिसळल्या? कारण चारा खाणाऱ्या जनावराच्या मुतात जे असतं तेच त्यांच्यात भरपूर निघालं होतं. सगळ्या नळ्या तशाच. त्या फेकून द्याव्या लागल्या. आणि ताडायला रक्त नाही म्हणजे गड्यांच्या रक्तालाही अर्थ राहिला नाही.

पंचफुला दारामागं उभी होती.  तिनं पदर तोंडात कोंबला, आणि तरी हसू आवरेना तेव्हा खालीच बसली. रंगनाथ गेल्यापासून ती इतकी कधी हसली नव्हती.

"म्हातारीनं धुतल्या," ती म्हणाली. "आत्याबाई, मीच तर भरून दिला तांब्या. सुया, नळ्या, समदं धुतलं असंल थेरडीनं."

डॉक्टरच्या चेहऱ्यावरचं हसू त्या दिवशी पहिल्यांदा गेलं.  नळ्यांच्या बुडाशी थेंबभर ओल असतेच, म्हणून त्याला शंका आली नव्हती. वास आला होता, पण तो गोठ्याचा वाटला होता. त्यानंच त्या सुया शिरांमध्ये घातल्या होत्या. भगवानरावाच्या डोळ्यांत मात्र, एखाद्याला वाटेत नोट सापडावी तशी चमक आली. चांगुणाबाईनं ती पाहिली.

"म्हंजी हात त्यानं सुजले," ती म्हणाली.

"त्यानंच. दुसरं कारण दिसत नाही."

"दिनकररावाला सांगितलं का?"

डॉक्टर खाली बघून म्हणाला, की नळ्या प्रवासात खराब झाल्या असं त्याला कळवलंय. आता हे नवीन कळलं, पण मोठी माणसं आहेत, वरपर्यंत ओळखी आहेत, उगीच तक्रार होईल.

चांगुणाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. शिकलेला, गोरागोमटा, चांगल्या आईबापाचा पोरगा. रक्तातला एकेक कण मोजायला निघालेला. आणि एका गावाच्या देशमुखापुढं मुताला मूत म्हणायची याची छाती नाही.

"तो गावभर सांगायलाय, आमच्या रक्तानं हात नासला," ती म्हणाली. "आमच्या पोटावर पाय देयलाय. अन् तुमी म्हणायलाव प्रवास."

डॉक्टर बुटाचा चिखल काढायला लागला.

"बरं ते राहू द्या. ताडायला रक्त कुणाचं लागतंय तुमाला? औषध न लागलेल्या माणसाचंच न?"

"हो."

"आमच्या बाया दोन वर्सं पाटाच्या कामावर खडी फोडायल्यात. त्यांनी पराटीचं पान पाहिलं न्हाई. मी म्हातारी घरी बसून हाय. आमच्या अंगात रक्त न्हाई का?"

 डॉक्टरच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. औषध न लागलेलं रक्त म्हटल्यावर त्याचे पाय आपोआप खुर्चीकडं वळले होते. इतकी पुस्तकं वाचून हा माणूस शेवटी पोह्यांच्या वाटेनंच गेला होता.

जीपमधली पेटी मागवून त्याच दिवशी बायांचं रक्त काढलं. या खेपेला सुया त्यानं स्वतः उकळल्या आणि ताटापासून हलला नाही. चांगुणाबाईची शीर सापडेना, सुई दोनदा घालावी लागली. तिनं हात हलवला नाही. काम झाल्यावर ती म्हणाली, डॉक्टर, आमच्यात पोहे न्हाईत, भाकर अन् ठेचा हाय, खाऊन जा. डॉक्टरनं मानवतला जेवून आल्याचं सांगितलं. भगवानराव म्हणाला मीही जेवलोय, आणि जाताना वस्तीच्या टोकाच्या शेतातली काकडी तोडून खात गेला.

दसऱ्याच्या आधी डॉक्टर पुन्हा आला. आता कामाचा शेवट होता, म्हणून दिनकररावाला सांगणं भाग होतं. ओट्यावर दिनकरराव, त्याचा भाऊ, आणखी दोघं-तिघं शेतकरी बसले होते. डॉक्टर खुर्चीत होता. नर्मदाबाई दाराआड उभी होती. चांगुणाबाई पंडितला घेऊन अंगणात आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

डॉक्टरनं घसा साफ करून सांगितलं, की औषध मारणाऱ्या सगळ्यांच्या रक्तात विष निघालंय, खडी फोडणाऱ्या बायांच्या रक्तात नावालाही नाही. पंडितच्या रक्तात सगळ्यांत जास्त आहे. त्याला आणखी फवारणीला लावलं तर भावासारखं होईल.

दिनकररावानं पानाची पिंक टाकली.

"मशीनच ती. चुकली असंल," तो म्हणाला. "ह्यांचं रक्तच तसलं. दारूचं असंल काई. उद्या तूर फवारायचीय. पंड्या, सकाळी पंप धुऊन ठेव."

पंडितनं आईकडं पाहिलं. डॉक्टरनं छपराकडं पाहिलं. त्याच्याकडून आता काही निघणार नव्हतं.

चांगुणाबाई ओट्याच्या पायरीपर्यंत गेली. तिनं आवाज चढवला नाही.

"दिनकरराव," ती म्हणाली. मालक हा शब्द ती कधीच विसरली होती, आणि त्याचा याला अजून राग येत असे. "मशीन खोटी म्हणताव?"

"मंग?"

"पहिल्या खेपंला तुमच्या घरच्या नळ्यांत त्याच मशीनला काय गावलं, ते इचारलं का डॉक्टरला?"

"नळ्या प्रवासात खराब झाल्या."

"इचारा तर खरं. कानात सांगू द्या. चारचौघांत नको."

दिनकररावानं डॉक्टरकडं पाहिलं. डॉक्टर लाल झाला. आता न सांगावं तर म्हातारी मोठ्यानं सांगेल, हे त्याला कळलं. तो खुर्चीतून उठला, वाकला, आणि देशमुखाच्या कानात बोलला. बराच वेळ बोलला. दिनकररावानं आधी कान मागं घेतला, मग पुन्हा पुढं केला. त्याचा दुसरा हात आपोआप दंडावरच्या व्रणावर गेला. मग त्यानं दाराकडं पाहिलं. दाराआडचं लुगडं हळूच आत सरकलं.

बाकीचे शेतकरी एकमेकांकडं बघत होते. काय सांगितलं, हे त्यांना कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची भूक तोंडावर दिसत होती.

"आता सांगा," चांगुणाबाई म्हणाली. "मशीन खरी, का खोटी? खरी असंल तर माझ्या पंडितच्या पाठीवर उद्यापासून पंप दिसू नये. खोटी असंल तर खोटीच म्हणू आपण. मंग ती तुमच्या घरच्या रक्ताबद्दल काय बोलली, ते मी आडतीवर जाऊन सांगते. खोट्याला कोण हसणार हाय?"

माणूस मेला तेव्हा दिनकररावाची पापणी हलली नव्हती. खोपटं जळाली तेव्हा हलली नव्हती. पण मानवतच्या आडतीवर, कापसाच्या गंजीला टेकून बसलेली माणसं आपल्याला बघून हसायलीत, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढं आलं आणि त्याला घाम फुटला. ह्या लोकांना मरण दिसत नाही, हसू तेवढं दिसतं.

"मशीन सरकारची हाय," तो शेवटी म्हणाला. "सरकारची मशीन खोटी कशी असंल. पंडितला गुराकडं लावू. पंप दुसरं कोन्ही घेईल."

"अन् माझा रंगनाथ कशानं मेला?"

दिनकररावानं अंगणातल्या तुळशीकडं पाहिलं. "औषधानं."

"ह्या लोकांला ऐकू आलं न्हाई."

"औषधानं मेला," दिनकरराव म्हणाला. "पेला नव्हता."

चांगुणाबाईनं पदर नीट केला, पंडितचा हात धरला आणि ती निघाली. मागं वळून तिनं पाहिलं नाही. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंप घ्यायला वस्तीतून कुणीच गेलं नाही. आपल्या रक्तात काय आहे ते आता प्रत्येक गड्याला ठाऊक होतं. तूर दिनकररावाच्या पुतण्यांनी फवारली. नाकाला टॉवेल बांधून, घड्याळ घालून, शिव्या देत. दिनकरराव वाऱ्याच्या वरच्या बाजूला, लांब चिंचेखाली उभा राहून सांगत होता, की काही होत नाही, औषधच आहे ते.

चांगुणाबाईनं शब्द पाळला. त्या गोष्टीबद्दल आडतीवर काय, शेजारणीकडंही ती एक अक्षर बोलली नाही. भगवानराव कंपाउंडरनं कुणाला शब्द दिला नव्हता. काम संपेपर्यंत डॉक्टरच्या धाकानं त्यानं ते कसंबसं पोटात ठेवलं होतं. डॉक्टरनं ओट्यावर सांगून टाकलं त्याच संध्याकाळच्या एसटीत तो बसला, आणि गाडी मानवतला पोचेपर्यंत सगळ्या गाडीला माहीत झालं होतं. दिवाळीला दिनकररावाचा कापूस आडतीवर गेला, तेव्हा मापाऱ्यानं मान वर न करता विचारलं, की देशमुख, सकाळ-संध्याकाळ मिळून दूध किती निघतंय? काटा हातात धरलेला हमाल इतका हसला, की माप दोनदा करावं लागलं. चोख मालाच्या नमुन्याबद्दल दिनकरराव पुन्हा कधी बोलला नाही. गावात कुणी पँटवाला आला तरी खुर्ची बाहेर काढायला त्याला आता वेळ लागतो.

पंचफुलानं गोठा सोडला. ती बायांबरोबर पाटाच्या कामावर खडी फोडायला जाते. नर्मदाबाईचा विटाळ मात्र कमी झालेला नाही, उलट वाढलाय, आणि गोमूत्र तर रोज लागतंच. ते धरायला आता दुसरं कुणी नाही. म्हणून ती म्हातारी पहाटे उठून, लुगडं आवरून, तांब्या हातात घेऊन गाईच्या मागं उकिडवी बसते. गुडघे दुखतात, शेपटीचा फटका तोंडावर बसतो, तरी बसून राहते. गाय तिला ओळखत नाही. स्वतःला हवं तेव्हाच ती मुतते.